कोकणातील माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षणाचा वर्ग कसा चालवावा

दहावीच्या निकालाच्या दिवशी कोकण विभागीय मंडळाचे नाव राज्यात पहिल्या क्रमांकावर वाचण्याची रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील शाळांना आता सवय झाली आहे, आणि नेमकी हीच सवय व्यवसाय शिक्षणाच्या आड येते. निकाल शंभर टक्क्यांच्या घरात असताना आठवड्याच्या चार तासिका करवतीला, पान्ह्याला आणि कलमाच्या चाकूला कशासाठी द्यायच्या, असा प्रश्न संस्थेच्या बैठकीत हमखास निघतो. त्याचे उत्तर निकालपत्रकात सापडत नाही, गावात सापडते. आंब्याच्या बागेत राखणीला आणि नौकेवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे येतात, पंपाची मोटर भरायला तालुक्याला न्यावी लागते, नारळ काढणारा पाडेली पंधरा दिवस आधी सांगूनही मिळत नाही, आणि त्याच गावची दहावी उत्तीर्ण मुले दिवाळीनंतर मुंबईच्या गाडीत बसलेली असतात. त्यांनी मुंबईला जाऊ नये असे येथे म्हणायचे नाही. हातात काही काम असताना जाणे आणि नसताना जाणे यांत मात्र मोठा फरक आहे.

हे मार्गदर्शन मुख्याध्यापक, शाळेतील समन्वयक शिक्षक आणि संस्थाचालक यांच्यासाठी आहे. बहुतेक शाळा आधी यंत्रे घेतात, मग शिक्षक शोधतात आणि शेवटी वेळापत्रकात जागा काढतात. कोकणात हा क्रम उलटा करावा लागतो. येथे वर्षाचे काम पाऊस, समुद्र आणि फळ ठरवतात. त्यांच्याशी वेळापत्रक जुळवले आणि ते काम रोज करणारा माणूस वर्गात आणला, तर यंत्रांची यादी आपोआप निम्म्याने कमी होते.

चौकट कोणती घ्यावी

अनुदानित आणि शासकीय शाळांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली समग्र शिक्षा अभियानाखालील एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची. तीत नववी ते बारावीपर्यंत एखादे क्षेत्र विषय म्हणून शिकवले जाते, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षा संस्थेकडून येतात, आणि प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थेमार्फत नेमला जातो. दुसरी वाट पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमातून आली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमाने मूलभूत तंत्रज्ञानाचा जो कार्यक्रम बसवला, त्यात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा चारही विभागांत आळीपाळीने काम करतात. पहिल्या वाटेत एका धंद्याची खोली आहे, तर दुसरीत हाताला अनेक कामांची ओळख होते.

माझे मत दुसऱ्या वाटेकडे झुकते, निदान आठवी-नववीपर्यंत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण गवंडी होणार की नर्सरी काढणार हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही करू नये. शाळेला एनएसक्यूएफ मंजूर झालेले असले तरी आठवीत चारही विभागांची ओळख करून द्यावी आणि नववीत क्षेत्र निवडू द्यावे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सांगितले आहे. हे दिवस सहली आणि चित्रकला स्पर्धांत न घालवता गावातील कारागिरांकडे घालवावेत, म्हणजे नववीतली निवड डोळसपणे होते.

विषयाच्या मंजुरीसाठी अर्ज करण्यापूर्वी तो दहावीच्या गुणपत्रिकेत कोणत्या विषयाच्या जागी बसतो, हे विभागीय मंडळाच्या चालू परिपत्रकावरून लेखी नोंदवून घ्यावे आणि जूनमध्येच पालकांना सांगावे. या एका मुद्द्यावरून ऐन वेळी, परीक्षेचे अर्ज भरताना, गोंधळ उडतो.

क्षेत्र निवडताना

उपलब्ध क्षेत्रांच्या यादीत माहिती तंत्रज्ञान, ऑटोमोबाइल, शेती, पर्यटन, आरोग्यसेवा, सौंदर्यसेवा, बहुकौशल्य अशी बरीच नावे असतात. संगणक कक्ष आधीच आहे म्हणून माहिती तंत्रज्ञान घेण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा. ज्या शाळेपासून दहा किलोमीटरच्या आत संगणकावरचे एकही काम मिळत नाही तेथे हा विषय दुसरे पाठ्यपुस्तक होऊन बसतो.

त्याऐवजी दोन शनिवार गावात फिरून नोंद करावी. शाळेत चालत किंवा एका एसटीने पोहोचता येईल इतक्या अंतरात कोणकोणती माणसे हाताने काम करून पोट भरतात, त्यांच्याकडे वर्षातले कोणते महिने गर्दीचे असतात, आणि त्यांना मदतनीस मिळतो का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू कारखाने निघतील, मालवण-तारकर्लीकडे न्याहारी-निवास आणि नौकाविहार, हर्णै किंवा मिरकरवाडा यांसारख्या बंदरांच्या आसपास इंजिन दुरुस्ती, जाळी विणणे आणि बर्फाचे कारखाने, सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि लाखकाम. जांभ्याच्या पट्ट्यात चिरे लावणारा चांगला गवंडी आजही महिनोन्‌महिने मोकळा नसतो. जे काम गावात आहे, पण करणारा म्हातारा होत चालला आहे, ते क्षेत्र निवडीत सर्वांत वर ठेवावे.

याच फेरीत जवळच्या संस्थाही पाहून घ्याव्यात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही ठिकाणे शाळांसाठी मोठा आधार ठरू शकतात. लांजा, किर्लोस आणि रोहे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तालुक्यात शासकीय तांत्रिक विद्यालय किंवा आयटीआय असेल तर लेथ आणि वेल्डिंगसारखी महागडी यंत्रे स्वतः न घेता तेथे ठरावीक दिवशी मुलांना नेण्याचा करार करावा.

वर्षाची आखणी

शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते, परंतु व्यवसाय वर्गाचे वर्ष मेअखेरीस सुरू होते असे समजून चालावे. कलमांच्या खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी, लागणाऱ्या रायवळ आंब्याच्या कोयी मेच्या शेवटी आणि जूनच्या आरंभीच मिळतात, आणि आंब्याची कोय फार दिवस उगवणक्षम राहत नाही. सुट्टी संपल्यावर कोयी शोधायला निघालेल्या शाळेला त्या वर्षी कलमांचा पाठ फळ्यावरच घ्यावा लागतो. म्हणून सुट्टीत कोयी गोळा करून सावलीत ठेवण्याचे काम एका शिक्षकाकडे आणि गावातल्या चार मुलांकडे नावाने सोपवावे.

जून आणि जुलै हे रोपवाटिकेचे महिने आहेत. याच काळात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि एरवी हाताला न लागणारे तांडेल (नौकेचे प्रमुख) व इंजिन मेकॅनिक यांना सवड असते. किनाऱ्यावरच्या शाळेने इंजिनाचा सगळा पाठ या दोन महिन्यांतच उरकावा. नारळी पौर्णिमेनंतर हीच माणसे पुन्हा समुद्रावर जातात आणि त्यांना वर्गात बोलावणे अशक्य होते. जुलैच्या लावणीत उपस्थिती घटणार हे गृहीत धरावे. लावणीला गेलेल्या मुलाला गैरहजर मांडून प्रश्न सुटत नाही. घरच्या शेतावर केलेल्या कामाची नोंद वहीत करायला सांगावी: किती क्षेत्र, कोणते बियाणे, किती माणसे, किती दिवस. ही वही शेतीच्या विषयात प्रात्यक्षिकाची नोंद म्हणून तपासावी.

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कशाचीही आखणी करू नये. तेव्हा अर्धे कोकण मखराच्या तयारीत आणि उरलेले अर्धे रेल्वे स्थानकावर चाकरमान्यांना आणायला गेलेले असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबून भातकापणी सुरू होते. बांधकाम, वायरिंग आणि लाकूडकाम यांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम, कारण हवा कोरडी असते, लाकूड फुगत नाही आणि सिमेंटच्या पोत्यात गोळे होत नाहीत. दहावीचे प्रात्यक्षिक जानेवारीतच संपवावे. फेब्रुवारीपासून दहावीच्या वर्गाला हात लावू नये, कारण त्या काळात पालकांचा विरोध रास्त असतो.

काजू, आंबा आणि कोकम यांचा हंगाम मार्च ते मे असा येतो, म्हणजे ऐन परीक्षेत आणि सुट्टीत. त्यामुळे फळप्रक्रियेचा पाठ आठवी आणि नववीच्या मुलांसाठी ठेवावा आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यानंतरचे दिवस त्यासाठी राखावेत. कोकमाची साले मीठ घातलेल्या त्याच्याच रसाची पुटे देत वाळवून आमसुले होतात. त्यासाठी सलग चार-सहा दिवस कडक ऊन लागते आणि वळीव आला की सगळा माल काळवंडतो. शाळेसाठी अमृत कोकम (साखरेतला रस) किंवा आगळ (मीठ घातलेला रस) सोयीचे: बाटली बंद करून ठेवता येते. स्क्वॉश करायचे असेल तर त्यात रस किमान २५ टक्के आणि विद्राव्य घटक किमान ४० टक्के हवेत. हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेपेक्षा त्याचा उपयोग येथेच अधिक होतो.

एक पाठ जवळून: कोय कलम

प्रात्यक्षिकाची आखणी किती बारकाईने करावी लागते हे कोय कलमाच्या उदाहरणावरून दाखवता येईल. कोकणच्या दमट पावसाळी हवेत ही पद्धत उत्तम साधते, तिला यंत्र लागत नाही, आणि एका मुलामागे येणारा खर्च चाकू, प्लॅस्टिकची पट्टी व पिशवी एवढाच असतो.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोयी वाळू आणि शेणखत मिसळलेल्या गादीवाफ्यावर जवळजवळ पेराव्यात. उगवून दहा-पंधरा दिवस झालेले, अजून तांबूस पानांचे रोप कलमाला घ्यायचे. पाने हिरवी होऊन खोड टणक झाले की यश घटते, म्हणून कलमाचा दिवस रोपांकडे पाहून ठरवावा लागतो, वेळापत्रकाकडे पाहून नव्हे. मुख्याध्यापकांनी त्या आठवड्यात एक पूर्ण दिवस बदलता ठेवावा. डोळकाडी, म्हणजे खुंटावर बांधायची हव्या त्या जातीची काडी, तीन-चार महिन्यांची, खुंटाइतक्याच जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेली पण न फुटलेली अशी असावी, आणि झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापलेली असावीत. हे पानकापणीचे काम विसरले तर ठरलेल्या दिवशी काड्या असतात, पण त्यांवर कलम धरत नाही. हापूसच्या काड्या गावातील बागायतदार आनंदाने देतात. शक्य असेल तर रत्नाच्या काही काड्या विद्यापीठाच्या केंद्रातून आणाव्यात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेल्या या जातीत साका (फळाच्या आतला गर खराब होणे) होत नाही, आणि संकर म्हणजे काय हे विज्ञानाच्या शिक्षकाला तेथेच शिकवता येते.

कलमाच्या दिवशी मुलांची दोघादोघांची जोडी करावी. एकाने खुंट कोयीपासून चार बोटांवर छाटून मधोमध उभा छेद द्यायचा, दुसऱ्याने काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरपा काप देऊन पाचर करायची. काप एकाच ओढीत आला पाहिजे. चाकू खालीवर फिरवला की पृष्ठभाग खडबडीत होतो, दोन्ही साली एकमेकींना लागत नाहीत आणि आत पाणी शिरते. त्यासाठी आदल्या आठवड्यात आंब्याच्याच साध्या फांद्यांवर नुसते काप घेण्याचा सराव करून घ्यावा. प्रत्येक मुलाचा काप चांगला येईपर्यंत त्याला खुंट देऊ नये. पाचर छेदात बसवताना निदान एका बाजूची साल सालीला भिडवावी आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळावे. मग रोप पिशवीत लावून सावलीत ठेवावे.

प्रत्येक पिशवीला हजेरी क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि ती पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई पहिल्या सरीतच वाहून जाते. साधारण तीन आठवड्यांनी डोळे फुटू लागतात. दीड महिन्याने जगलेली कलमे मोजावीत आणि तोच गुणांचा मुख्य भाग धरावा. ज्याची पाचातली एकच जगली त्याने उरलेल्या चार पिशव्यांतल्या मेलेल्या कलमांची पट्टी उलगडून, काप पाहून कारण वहीत लिहायचे. या लिखाणाला मी जगलेल्या कलमाइतकेच गुण देईन.

कलमे विकून निधी उभा करण्याची कल्पना लगेच सुचते. फळझाडांच्या रोपवाटिकेला आणि विक्रीला १९६९ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो नसेल तर कलमे मुलांना घरी लावायला द्यावीत. खाद्यपदार्थांच्या विक्रीलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी.

गणित आणि विज्ञानाची सांगड

तासिका कशासाठी द्यायच्या, या संस्थेच्या बैठकीतील प्रश्नाला सर्वांत परिणामकारक उत्तर येथे मिळते. काजूगराची प्रतवारी पाहा. डब्ल्यू-३२० याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०. डब्ल्यू-१८० म्हणजे १७० ते १८०. मुलांना १०० ग्रॅम गर मोजायला द्यावेत आणि कोणती प्रत हे स्वतः काढायला सांगावे. ६६ ते ७० गर भरले तर ३२०, ४८ ते ५३ भरले तर २४०. मग बाजारभाव घेऊन एक किलो काजूबीपासून किती गर निघाला, तुकडा किती झाला आणि शेवटी हातात काय राहिले याचा हिशेब मांडावा. प्रमाण, टक्केवारी आणि सरासरी या तिन्ही गोष्टी त्यात येतात, आणि गावातल्या कारखान्याचा मालक तुकड्यावरून कामगाराला का बोलतो हेही कळते. आंब्याची काढणी ‘चौदा आण्यां’वर, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडे आधी, का करायची, कोकम सरबतात मीठ-साखर किती घातली की बुरशी येत नाही, वायरची जाडी भारानुसार का वाढते, अशा प्रश्नांना विज्ञानाच्या शिक्षकाने आपल्या पाठात जागा द्यावी. हा दुवा जुळला नाही तर व्यवसायाचा वर्ग शाळेत परक्यासारखा राहतो.

शिकवणारी माणसे

चांगला कारागीर चांगला शिक्षक असतोच असे नाही. तो काम दाखवतो, पण का ते सांगत नाही. मुलाच्या हातून चूक झाली की अवजार काढून घेऊन स्वतः करून टाकतो. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाला कारागिराबरोबर शाळेचा एक शिक्षक असावा. वर्ग सांभाळणे, पायऱ्या फळ्यावर मांडणे, प्रश्न विचारणे आणि नोंदी ठेवणे हे शिक्षकाचे काम; हात कारागिराचा. पहिल्या दिवसापूर्वी दोघांनी एकत्र बसून पाठाचे लहान टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्यानंतर अवजार मुलाच्या हातात गेलेच पाहिजे असे ठरवून घ्यावे.

मानधन कारागिराच्या रोजापेक्षा कमी असू नये, आणि ते त्याच महिन्यात मिळावे. शासकीय निधी उशिरा येतो ही नित्याची गोष्ट आहे. गवंड्याचे घर मात्र आठवड्याच्या बाजारावर चालते. संस्थेने तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम वेगळी ठेवून त्यातून आगाऊ द्यावी आणि निधी आल्यावर भरून घ्यावी. बाहेरच्या संस्थेमार्फत नेमलेल्या प्रशिक्षकांचे वेतन थकले की ते वर्षाच्या मध्येच निघून जातात, हेही ध्यानात ठेवून प्रत्येक क्षेत्रात शाळेचा एक कायम शिक्षक तयार करत राहावा.

मुंबईतील ग्रामस्थ मंडळे कोकणातील शाळांना उदार हाताने मदत करतात. त्यांच्याकडे यंत्र मागू नये. यंत्राबरोबर फलक येतो आणि फलक लागला की पुढच्या वर्षी तारा, खिळे, पत्रे आणि इलेक्ट्रोड यांसाठी पैसे मागायला तोंड उरत नाही. खपणाऱ्या मालाचा वार्षिक खर्च मागावा. मंडळात हमखास एखादा निवृत्त फिटर, वायरमन किंवा गिरणीतला जॉबर निघतो, त्याला गणपतीनंतर पंधरा दिवस गावी थांबण्याची विनंती करावी. पैशांपेक्षा ती मदत मोठी ठरते.

कार्यशाळा

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि खारी हवा यांच्यात अवजारे टिकवणे हे कोकणातील कार्यशाळेचे पहिले काम आहे. भिंतीवर अवजारांच्या आकृती रंगवून त्यावर अवजारे टांगण्याची पद्धत चांगली, परंतु पावसाळ्यात भिंत पाझरते आणि टांगलेल्या रंध्याला चार दिवसांत तांबेरा चढतो. त्या चार महिन्यांत बारीक अवजारे झाकणाच्या पेटीत, तेल लावलेल्या कापडात ठेवावीत. प्रत्येक प्रात्यक्षिकाची शेवटची पंधरा मिनिटे पुसणे, तेल लावणे आणि मोजून ठेवणे यांसाठी राखावीत.

विजेच्या बाबतीत जांभ्या जमिनीचा वेगळा त्रास आहे. तिच्यात अर्थिंग सहजी चांगले मिळत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीत मोजलेला आकडा फसवा असतो. खड्डा परवानाधारक कंत्राटदाराकडून घालून घ्यावा आणि त्याचा रोध मार्च-एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना, तपासावा. मुले वापरणार त्या प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा मुलांसमोर दाबावे. जिवंत २३० व्होल्टवर कोणत्याही विद्यार्थ्याने काम करू नये; जोडणी झाल्यावर शिक्षक तपासेल, मगच मुख्य स्विच चालू होईल. किल्ली शिक्षकाच्या खिशात.

सुरक्षितता आणि कायदा

चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही आस्थापनेत कामाला लावता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगारविषयक कायदा याबाबत स्पष्ट आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की चिरेखाणीत पाठ घ्यायचा नाही, खोल समुद्रात नौकेवर न्यायचे नाही, बागेत फवारणी करू द्यायची नाही. कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये मुले शिकायला गेली असतील तर त्यांच्याकडून नियमित उत्पादनाचे काम करून घेतले जात नाही ना, हे समन्वयकाने न सांगता जाऊन पाहावे. मालकाची भावना चांगली असली तरी हंगामात हात कमी पडले की मुले आपोआप मजूर होतात.

काजूच्या टरफलातील तेल त्वचा भाजते. काजू फोडण्याच्या टेबलावर मुलांना हातमोजे आणि गॉगल द्यावेत. कारखान्यातील बायका हाताला राख किंवा तेल लावून काम करतात ते पाहून मुलांना मोजे नकोसे वाटतात, तेथे नरमाई नको. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, पॉक्सो कायद्याची माहिती द्यावी, आणि मुलींच्या गटाबरोबर शिक्षिका असावी. पालकांची संमती दरवर्षी, प्रत्येक भेटीच्या तपशिलासह, लेखी घ्यावी. प्रथमोपचाराच्या पेटीत काय संपले आहे हे पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर असावी, नाहीतर ती पेटी शोभेची होते.

येथेच एसटीचा विषय काढायला हवा, कारण मुलींना जादा प्रात्यक्षिकाला थांबता येईल की नाही हे शेवटची गाडी ठरवते. प्रात्यक्षिके शाळा सुटल्यानंतर ठेवली तर दूरच्या वाड्यांतील मुली पहिल्या महिन्यातच गळतात आणि वर्ग मुलांचाच उरतो. ती दिवसाच्या पहिल्या दोन-तीन तासिकांत ठेवावीत. विभाग वाटतानाही मुलींना शिवण व पाककृती आणि मुलांना वायरिंग अशी वाटणी होऊ देऊ नये. सर्वांनी सर्व विभाग करायचे, हा नियम आठवीत सक्तीचा असावा.

पुढची वाट

पालकांना पुढचा रस्ता दिसला की विरोध मावळतो, म्हणून दहावीनंतरच्या शक्यता नववीतच कागदावर मांडून दाखवाव्यात. आयटीआयला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो आणि दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. अकरावीत द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमाचा २०० गुणांचा विषय घेऊन विज्ञान शाखेत राहता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. ‘व्यवसाय शिकला म्हणजे कॉलेज बंद’ हा समज एका पालक सभेत दूर होत नाही. प्रत्येक वाटेने गेलेला गावातील एक माणूस सभेला बोलवावा आणि त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

मूल्यमापनात लेखी परीक्षेचा वाटा शक्य तितका लहान ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत कामाची तारीख, वापरलेला माल, लागलेला वेळ, आलेला खर्च आणि काम बिघडले असल्यास कारण एवढे असले तरी बाहेरचा परीक्षक दहा मिनिटांत त्या मुलाला ओळखतो. गावातील सार्वजनिक कामे मिळाली तर उत्तम: अंगणवाडीचे वायरिंग तपासणे, शाळेच्या नळांची दुरुस्ती, देवळाच्या आवारात शोषखड्डा. अशा कामांचे अंदाजपत्रक मुलांनीच करावे आणि ग्रामपंचायतीपुढे स्वतः वाचून दाखवावे.

शाळा सोडून गेलेल्या मुलांची नोंदवही मात्र बहुतेक ठिकाणी नसते. दहावीनंतर सहा महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत, प्रत्येकाला फोन करून तो काय शिकतो, काय करतो आणि वर्गात शिकलेले काय उपयोगी पडले हे एका ओळीत लिहून ठेवावे. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की कोणते क्षेत्र चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे हा निर्णय त्या वहीवरून घ्यावा, आणि मंजुरीच्या नूतनीकरणाच्या अर्जाला तिचीच प्रत जोडावी.